चौदा वर्षांत एक गोल

अमेरिकेत, रेडमंडमध्ये मला एकच मित्र होता, आणि त्याची नोकरी मी घालवली. तीन वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. घरातसुद्धा नाही.

तो माझ्या मुलीच्या फुटबॉल क्लबचा कोच. इटलीत चौदा वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळलेला, बचावफळीत. गुडघा गेला, लग्न मोडलं, मग इकडे आला. शनिवारी प्रॅक्टिसच्या आधी पाऊस ओसरेपर्यंत तो माझ्या गाडीत येऊन बसायचा. मी थर्मासमधला चहा द्यायचो. "हा चहा नाही, सूप आहे," म्हणायचा, आणि आणखी मागायचा.

एकदा म्हणाला, "चौदा वर्षांत माझा एक गोल. तोही पाठीला लागून गेला. मी दुसरीकडेच बघत होतो." दोघंही हसलो. मग म्हणाला, "माझं काम चांगलं झालं की मैदानात काही घडतच नाही. पेपरवाले काय छापणार?" सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये वीस वर्षं काढलेल्या मला हे समजावून सांगायची गरज नव्हती.

माझ्या मुलीला त्याने बचावात घातलं. ती खूश होती. मी नव्हतो. मैदानाच्या कडेला एक पुणेकर बाप म्हणाला, "काय यार, तुझी पोरगी नुसती मागे उभी. कॉलेजच्या ॲप्लिकेशनमध्ये काय लिहिणार, उभी होती?" सगळे हसले. मीही हसलो.

त्याच आठवड्यात क्लबचा फीडबॅक फॉर्म आला. नाव न देता भरायचा. मी लिहिलं, ज्याने स्वतः चौदा वर्षांत एकच गोल केला, तो मुलींना काय शिकवणार? सबमिट केलं आणि जेवायला बसलो.

सीझन संपताना क्लबने त्याला पालकांचे फॉर्म दाखवले आणि पुढच्या सीझनला नको म्हणून सांगितलं. शेवटच्या शनिवारी तो नेहमीसारखा गाडीत आला, चहा प्यायला. "कुणीतरी माझ्याबद्दल लिहिलंय," एवढंच म्हणाला. मी उगाच वायपर चालू केले.

अजूनही शनिवारी लवकर जाग येते. जायला कुठे नसतं. गेल्या महिन्यात मी त्याला फोन केला. आता तो दुसऱ्या राज्यात एका शाळेत शिकवतो. म्हटलं, "तो फॉर्म मी भरला होता."

"माहीत आहे. त्या गोलाचं अमेरिकेत मी फक्त तुलाच सांगितलं होतं."

मग त्यानेच विचारलं, "मुलगी कशी आहे? अजून पुढे धावायची घाई करते?"

"तू गेलास त्याच वर्षी तिने खेळणं सोडलं," मी म्हटलं. "विचारलं तर म्हणाली, डॅड, लीव्ह इट."

आता त्याचा आवाज उतरला. माझ्या कबुलीने उतरला नव्हता, तितका.

"तिला ठाऊक आहे, मी का गेलो ते?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? मला तर माहीतच होतं."

मुलगी सिॲटलला कॉलेजात आहे. दर रविवारी जेवायला घरी येते. त्या फोननंतर तीन रविवार झाले. तिन्ही वेळा तिला परत सोडायला गाडीतून गेलो, आणि पूर्ण रस्ता तिच्या परीक्षेबद्दल विचारत राहिलो.