दुसऱ्या पोत्यातले जर्दाळू

"बाबूजी, पोरगी उलट्या करून राहिली! डोळे फिरवले तिनं," सुकवारो दारातूनच ओरडली.

मी नवेगाव बांधच्या सरकारी नर्सरीत ओव्हरसिअर होतो. सुकवारो ही गोंड बाई माझ्याकडे रोजावर होती. राज्य इंग्रजांचं. नागपूरच्या साहेबांना धानाच्या मुलखात जर्दाळू पिकवायची हौस आली होती. जर्दाळूला कडक थंडी लागते, इथं ती पडत नाही, असं मी लिहून कळवलं. उत्तर आलं, "ट्रायल घ्या."

बियांची दोन पोती आली. पहिलं वायव्य सरहद्दीकडचं. त्यातली बी फोडून चाखली, गर बदामासारखा गोड. दुसरं कुमाऊंच्या डोंगरातलं. ती जात रानटी, पण काटक; तिच्या खुंटावर गोड जातीचं कलम बांधतात. बिया दिसायला सारख्याच. ते पोतं मी चाखलं नाही.

पेरून उरलेल्या बिया सुकवारोनं मागितल्या. आमच्या जंगलात चाराची फळं होतात. त्यांची बी फोडली की चारोळी निघते. त्यामुळे इथली बाई कुठल्याही फळाची बी फोडल्याशिवाय टाकत नाही.

"ने," मी म्हणालो, "आत बदाम असतो."

त्या दिवशी तिचं ओरडणं ऐकताच मी तिच्या झोपडीकडे पळालो. पाट्यावर कुटलेला गर होता. जिभेला लावला. कडूजहर.

"हे दिलंस?"

"कडू लागत होतं, मंग गूळ-पानी घालून कुटून देल्लं. तुमीच तं बदाम म्हणले होते."

कडू जर्दाळूच्या बीतल्या गरात विष असतं. कुटून पाणी घातलं की ते सुटतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत पोर गेली. चार वर्षांची होती.

मी काही बोलणार, तोच सुकवारो म्हणाली, "माहीच चुकी आहे, बाबूजी. नवं फळ देवाले न दाखवता पोरीले चारलं."

त्यांच्यात नवं फळ आधी देवाला दाखवतात, मगच खातात. साऱ्या गावानं तेच कारण धरलं. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.

बी एकही उगवली नाही. रिपोर्टात मी लिहिलं, "हवामान प्रतिकूल." पोरीबद्दल त्यात ओळ नव्हती.

पुढे नर्सरीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी एक गोष्ट शिकवत असे. पोतं बदललं की पुन्हा चाखायचं. का, ते कधी सांगितलं नाही. सुकवारो तिथंच वाफ्यात खुरपत असायची.