न थांबवता येणारे काम

आमच्या संशोधन संस्थेत तिला सगळे पाठीमागे 'सासूबाई' म्हणतात आणि तोंडावर 'मॅडम'. हे तिला ठाऊक आहे. "सुना सरळ वागल्या असत्या तर मला सासू व्हावं लागलं नसतं," असे एकदा चहाच्या टेबलाशी म्हणून, कप विसळून ती निघून गेली होती.

तिच्याकडे सामायिक संगणकघर आहे. पूर्वी हवेचा अभ्यास करणाऱ्यांचे संगणक वेगळे, नद्यांवर काम करणाऱ्यांचे वेगळे, जंगलवाल्यांचे वेगळे. प्रत्येक खोलीला कुलूप, आणि आत निम्मी यंत्रे झोपलेली. तिने त्या साऱ्या चुली मोडून एक चूल मांडली. सगळे सर्व्हर एका खोलीत आणले, शेजारच्या दालनात भिंतभर संगणकाचे पडदे लावले. कोणाचा धूर कुठे सरकतो, कोणाची नदी कुठे फुगते, ते सर्वांना तिथे दिसे. काम मात्र रांगेत लावायचे. तिचे सासरे शेजाऱ्यांना सांगतात, "सूनबाई कॉम्प्युटरना वारा घालते." बंद खोलीतले सर्व्हर भट्टीसारखे तापतात आणि एसीवाचून तास-दोन तासही तग धरत नाहीत, हे पाहिलेल्या कोणालाही त्या वर्णनात चूक काढता येणार नाही.

ही चूल तिला एकटीला मांडता आली नसती. धुराचा अभ्यास करणारे ज्येष्ठ प्राध्यापक, ज्यांना आम्ही 'मोठे सर' म्हणतो, ते तिचे शिक्षक. पहिले सर्व्हर त्यांनी दिले. त्यांच्याकडे बघून इतरांच्या मुठी सैल झाल्या. या जागेसाठी तिचे नावही त्यांनीच सुचवले होते.

एक नियम तिने स्वतः केला होता. यंत्रांवर ताण आला की काही कामे थांबवावी लागत. जे काम अधूनमधून स्वतःला सेव्ह करते ते आधी थांबवायचे, कारण त्याचे काही बुडत नाही. फक्त ते रांगेच्या शेवटी जाते. नियम सरळ होता. त्याचे फळ मात्र वाकडे निघाले. शिस्तीने सेव्ह करणारे दर वेळी थांबत आणि न करणारे कधीच थांबत नसत. मोठ्या सरांचे धुराचे गणित कित्येक आठवडे अखंड चाले आणि एकदाही सेव्ह होत नसे.

नदीच्या गाळाचा अभ्यास करणारी एक विद्यार्थिनी होती. तिचे काम दर तासाला सेव्ह होई, म्हणून वर्षभरात तेच सर्वाधिक वेळा थांबले होते. आता महिनाअखेरीस प्रबंध द्यायचा होता. चुकला तर नोंदणी रद्द.

त्या दुपारी संगणकघरातल्या दोन एसींपैकी एक धडधडून बंद पडला. मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. सासूबाईंनी आधी भिंतीवरचे पडदे बंद केले. दालन अंधारले तसे सगळे आपापल्या खोल्यांतून बाहेर आले. मग तिने रिकामे सर्व्हर बंद केले, मग छोटी कामे थांबवली. दारावरच्या तापमापकाचा आकडा थबकला आणि पुन्हा चढू लागला.

"जात्यातले रडतात, सुपातले हसतात," जंगलवाला पुटपुटला. त्याचे काम नुकतेच थांबले होते.

"तुम्ही सुपातून केव्हाच पडलात. बाजूला व्हा, दार अडवू नका," ती म्हणाली. कोणी हसले नाही.

उरली दोन मोठी कामे. धूर आणि गाळ. त्यातले एकच तगणार होते. तिने मोठ्या सरांना फोन लावला आणि हात मोकळे राहावेत म्हणून स्पीकरवर ठेवला.

"सर, एक एसी गेलाय. तुमचं काम आता कुठवर आलंय?"

"शेवटच्या टप्प्यात आहे. त्याला हात लावायचा नाही. मी निघालोय."

"सर, ते मधे सेव्ह का होत नाही? प्रोग्रॅममध्ये सोय आहे."

पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला. "सेव्ह केलं की तुम्ही थांबवता, म्हणून!" आणि ते मोकळेपणाने हसले. घरातले गुपित घरातच सांगावे, तसे.

आम्ही सगळ्यांनी ते ऐकले. तिने फोन ठेवला. गाळाची विद्यार्थिनी तिच्या खांद्याशी येऊन उभी होती.

"मॅडम, माझंच बंद करा. मला आता सवय झालीये."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि बहुधा तेच सासूबाईंना सोसले नाही. आकडा आणखी एका अंशाने चढला. तिने खुर्ची पुढे ओढली, आदेश लिहिला, एकदा वाचला आणि बटण दाबले. धुराचे काम थांबले. सर्व्हरच्या एका मांडणीतले दिवे ओळीने विझले.

मोठे सर पोचले तेव्हा मेकॅनिक आत शिडीवर होता.

"कोणी बंद केलं?"

"मी."

"किती आठवड्यांचं काम होतं ते, माहीत आहे?"

"माहीत आहे, सर."

"नियम काय आहे? तूच केलेला!"

"नियम चुकीचा होता. मीच केला होता, म्हणून मीच मोडला. संचालकांना तसं लिहून देते."

"मग माझंही ऐक. माझे सर्व्हर मी माझ्या खोलीत नेणार."

"न्या, सर. तुमचेच आहेत. पण ते गेले की जंगलवाले आपले नेतील, मग नदीवाले. मग माझं इथे काही काम नाही."

"साहेब," शिडीवरून मेकॅनिक ओरडला, "भांडण दार लावून करा ना! असलेला गारवाही चाललाय बाहेर."

सरांनी दार लावले. स्वतः बाहेर राहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोन शिपाई आणि एक ढकलगाडी घेऊन आले. एसी दुरुस्त झाला होता, सगळे सर्व्हर चालू होते. आम्ही आपापल्या दारांत उभे होतो. सासूबाईंनी किल्ली काढून टेबलावर ठेवली.

सरांनी ती उचलली नाही. "माझ्या यंत्रांवर आत्ता काय चाललंय?"

"गाळ."

"कधी संपेल?"

"परवा दुपारपर्यंत."

ते काही वेळ काचेतून आतल्या दिव्यांकडे बघत राहिले. "मग परवा नेतो," असे म्हणून ते वळले. ढकलगाडी तिथेच भिंतीला टेकवून शिपाईही गेले.

परवाची दुपार आली. गाळाचे काम पुरे झाले. गाळवाली पडद्यासमोर बसून भराभरा नकाशे उतरवत होती आणि सासूबाई मान वर न करता व्हरांड्यातल्या पावलांचा कानोसा घेत होती. कोणी आले नाही. पण सासूबाईंच्या पडद्यावरच्या रांगेत, सर्वांत खाली, एक नवे काम येऊन बसले होते. धूर, सुरुवातीपासून, सेव्ह, दर तासाला.

त्या कामाला वर सरकवणे तिच्या हातात होते. गुरूचे काम, आणि बुडवले तिनेच. तिने त्या ओळीवर बोट ठेवले, थोडा वेळ तसेच राहू दिले, आणि उचलून घेतले. मग रांगेत सर्वांत वर असलेल्या जंगलवाल्याला तिने हाक मारली, "चला, तुमचा नंबर."