बाजेखालची शेगडी

अक्षर माझं वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी नीट जमलं नाही. शाळा चौथीतच सुटली. हे मी कुणाला दाखवणार नाही. तरी कुणाच्या हाती पडलंच, तर चुकांबद्दल माफी असावी.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. नवरा वारला आणि मी कळंबला भावाकडं राहायला आले. पुढं कळलं की धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचं काम शिकवायला बाया घेणार आहेत, लिहितावाचता येणाऱ्या. जागा मिळाली तर स्वतःचा पगार, नाहीतर जन्मभर भावाच्या चुलीपुढं. भाऊ वाईट नव्हता. पण त्याच्या घरात भाकरी मोडतानासुद्धा मी अंग चोरून बसायची.

मी धाराशिवला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई हैदराबादच्या, मराठी मोडकीतोडकी बोलायच्या. मला समोर उभं करून त्यांनी विचारलं, "बाया दवाखान्यात बाळंत व्हायला येत नाहीत. क्या करना? तू सांग."

मी खाली बघत म्हणाले, "बाजेखाली शेगडी ठेवू द्यावी. शेकाबिगर बाळंतपण बायांना पटत न्हाय."

"बिलकुल नाही. लुगडी पेटतात. धुरानं लेकरं गुदमरतात. मी डोळ्यांनी पाहिलंय."

माझी मुलगी त्याच धुरात जन्मली होती. जगली तेवढे दिवस खोकत होती. सासूबाई म्हणायच्या, गारठा बसलाय, अजून निखारे घाला. मीही घालायची. आणि आज तीच शेगडी मी शहाणपण म्हणून सांगायला आले होते.

मी पदर पुढं ओढला आणि गप्प झाले. मोठ्या माणसानं नाही म्हटलं की आमच्याकडं बाईनं असंच करायचं, तीच मर्यादा. डॉक्टरीणबाईंना ते वेगळंच दिसलं.

"रुसली काय? मी दिवसभर नाही म्हणते इथं. हर बार तोंड झाकशील तर बाळंतीण कोण बघणार? जा, पुढचीला पाठव."

दाराशी उभी असलेली आया कुजबुजली, "अगं बोल की! तोंडात तंबाखू धरलीस व्हय?"

पाय दाराकडं वळले होते. बाहेर पडले असते तर परत कळंब. मी मागं फिरले. परक्या माणसाच्या तोंडाकडं बघून बोलायची सवय नव्हती, तरी पदर सारला आणि बघितलं.

"रुसले न्हाय, बाई. तुमचं खरं हाय. माझी लेक त्याच धुरात खोकत गेली, ते आत्ता उमगलं. शेगडी नगं. पण बाळंतीण शेक मागंल, तवा तिला काय द्यायचं, तेवढं शिकवा."

डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. "गरम पाण्याची रबरी पिशवी असते. कपड्यात गुंडाळून पाठीला लावायची." हातातला कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "सोमवारी ये."

कामावर नेसायची पांढरी लुगडी आपली आपण आणायची होती. भावजयीनं डब्यातले पैसे काढून दिले. म्हणाली, "न्या, वन्सं. तुमच्या भावाला बोलू नका, त्यांना वाटंल माझ्याकडं खजिनाच हाय."

पगार झाला की मी थोडे थोडे देत गेले. ती नको म्हणायची, मी तिच्या मुठीत कोंबायची. सुगी उरकता उरकता उरलेले निजामाचे हाली रुपये तिच्या हातावर ठेवले. तिनं ते परत त्याच डब्यात ठेवले. तिचे सगळे पैसे फिटले.