आंजीतली पेटी आणि वाळवीने खाल्लेली नावं

काकूंचा फोन आला आणि जायचं ठरलं. "सरायच्या दगडांच्या पेटीले वाळवी लागली. चिठ्ठ्या गेल्या साऱ्या. सोमवारी पेटी शाळेत द्याची हाये, अन् हेडमास्तर म्हणते, नाव नसलेले दगड म्हणजे गिट्टी. तू येजो." सर म्हणजे काकूंचे यजमान आणि कॉलेजातले माझे भूगर्भशास्त्राचे शिक्षक. दोन वर्षांपूर्वी गेले. मी आज पुण्यात तोच विषय शिकवते, ती त्यांच्यामुळेच.

रविवारी सकाळी वर्ध्याला उतरले. स्टेशनबाहेरचे तर्री-पोहे चुकवू नका, नाक गळलं तरी. तिथून आर्वीकडे जाणारी एसटी धरायची. काकूंच्या गावाचं, आंजीचं, तिकीट तेव्हा दहा-बारा रुपये होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. या मातीखाली सगळा काळा बेसॉल्टच आहे. रूपांतरित खडक पाहायचे तर भंडाऱ्याकडे जावं लागतं. पेटीतले दगड सरांनी तिथूनच मांडीवर घेऊन आणलेले.

ओसरीवर बारा दगड मांडले. तुम्हालाही जमेल असं सांगते: जमिनीत जितकी उष्णता आणि दाब जास्त, तितके कण मोठे. पाटीचा दगड पापुद्र्यांनी सुटतो, कण दिसतच नाहीत. फिलाइटवर रेशमी झाक येते. शिस्टमध्ये अभ्रक चमचमतो. नाइसमध्ये तर काळेपांढरे पट्टेच पडतात. दुपारपर्यंत अकरा चिठ्ठ्या झाल्या. मग गोळाभात आणि कढी. इतकं जेवले की बसवेना.

बारावा काळा, बारीक कणांचा. मी ऐटीत लिहिलं, 'हॉर्नफेल्स: तप्त शिलारसाशेजारी भाजून निघालेला खडक.'

काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अवं, तो आमच्या वावरातला हाये! परीक्षेच्या ट्रेमंधी एक तरी घरचा दगड घुसवत ते. तू तवाही फसली होती ना?"

फसले होते. कान गरम झाले माझे. चिठ्ठी फाडली आणि तो शेतातला साधा बेसॉल्ट पेटीतून काढायला गेले.

"राहू दे त्याले," काकू म्हणाल्या. "बिननावाचाच."

हेडमास्तर त्या एकावरून अख्खी पेटी परत पाठवतील, ही धास्ती घेऊनच मी पुण्याला आले.

आठवड्याने काकूंचा फोन आला. पेटी ठेवून घेतली होती आणि विज्ञानाच्या तासाला काकूंनाच बोलावलं होतं. "नववीतल्या एका पोरीनं तो काळा उचलला. मले इचारते, आजी, हा या दगडायच्यात काऊन ठेवला? हा तं आपल्या वावरातला."

अठरा वर्षं शिकवतेय मी, आणि मला ते दिसलं नव्हतं. तरी इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. काकू म्हणाल्या, "सर असते तं आज जेवलेच नसते. साऱ्या गावाले सांगत फिरले असते."