चिंगीने पळवलेला जोडा

रविवारी आमच्या मेघाला पाहायला पाहुणे येणार होते. घरात सगळ्यांना पोह्यांची काळजी आणि मला चिंगीची...

चिंगी म्हणजे आमची कुत्री. मेघाने तिला चिखलीच्या बाजार समितीच्या गेटजवळून उचलून आणलं, तेव्हा ओंजळीत मावायची. आता घरात मावत नाही.

दोरीवरचं धुणं ओढते, कुंड्या उकरते, आमच्या ह्यांचा पेपर त्यांच्याआधी वाचून फाडून ठेवते. आणि दारात आलेल्या प्रत्येकाचा एक जोडा पळवते. दोन्ही नाही, एकच. आमच्या घरच्या चपला फ्रिजवर असतात, हे मी काही कौतुकाने सांगत नाहीये.

मेघाची लग्नासाठी एकच अट, चिंगी माझ्यासोबत सासरी येणार. आधीच्या स्थळाने हे ऐकून "कळवतो" म्हटलं... ते अजून कळवूनच राहिलेत.

म्हणून यावेळी मी तिला बजावलं की कुत्रीचा विषय आज काढायचा नाही. शेगावचा मुलगा, शाळेवर शिक्षक, फोनवरही किती अदबीने बोलणारा. एवढं चांगलं स्थळ हातचं जाऊ नये, बस्स, इतकंच माझं म्हणणं होतं. मेघा सकाळपासून माझ्याशी बोलेना.

चिंगीला शेजारच्या शोभाताईंच्या अंगणात बांधून आले आणि पाहुण्यांची गाडी दारात. मुलगा राहुल, त्याची आई आणि वडील. वडिलांनी उंबऱ्याशी थांबून विचारलं, "जोडे आत घेऊ का जी?"

"राहू द्या जी बाहेरच, कोण नेते?" मी म्हणाले. स्वतःच्या तोंडाने...

पोहे झाले, चहा झाला. एरवी जिच्या तोंडाला खळ नसते ती माझी पोरगी खाली मान घालून बसलेली, विचारलं तेवढंच बोलत होती. मला ते बोचत होतं, पण म्हटलं, एवढा अर्धा तास निभावून जाऊ दे.

आणि चिंगी आली. गळ्यात तुटकी दोरी, तोंडात राहुलचा नवाकोरा बूट. मागून शोभाताईंचा आवाज, "मी नाही सोडली हो ताई, दोरी कुरतडली तिनं."

चिंगी थेट बैठकीत शिरली, बूट मेघाच्या पायाशी टाकला आणि त्यावर पंजा ठेवून शेपटी हलवत उभी राहिली.

मेघाने मान वर केली. राहुलकडे पाहून सरळ म्हणाली, "ही चिंगी. मी आले तर ही पण येईल." मी डोळे मिटून घेतले. झालं, गेलं स्थळ.

तर मुलाचे वडील पोट धरून हसताहेत. "अबे राहुल, दुसऱ्यायच्या साळ्या लग्नात जोडा पळवतात. तुह्या साळीले तेवढाही दम निघाला नाही. दे तिले काही, त्याबिगर जोडा भेटत नाही."

राहुल खाली बसला. बशीतलं बिस्कीट पुढे केलं. चिंगीने बिस्कीट खाल्लं, आणि बूट उचलून पुन्हा पसार...

राहुल नुसत्या मोज्यांवर अंगणभर तिच्या मागे, मेघा त्याच्या मागे. किती दिवसांनी पोरगी अशी खळखळून हसत होती. मला तर रडूच यायला लागलं.

बूट घेऊन परत आला तेव्हा बिचारा धापा टाकत होता. म्हणाला, "काकू, दोघींलेही पाठवा. आमचं अंगण लय मोठं हाय." त्याची आई म्हणाली, "हाव, येऊ द्या तिले."

खरं तर मी तिथेच पेढे वाटायला हवे होते. पण चिंगी येऊन माझ्या पायावर हनुवटी टेकवून बसली होती... मेघा कामावर, हे दुकानावर, दिवसभर मी जिच्याशी भांडते ती हीच. घरात दुसरं असतं कोण?

माझ्या तोंडून निघून गेलं, "मेघाले न्या जी. चिंगी राहू द्या."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मेघा म्हणाली, "आई, तूच तर रोज म्हणतेस, हिले कुठंतरी नेऊन सोड."

"म्हणते," मी म्हणाले. "आन म्हणत राहीन. पण सोडणार नाही."

दोन्हीकडून होकार झालाय, देवाची कृपा. लोकांच्या बैठकी देण्याघेण्यावरून अडतात, आमची बैठक चिंगी कोणाकडे राहणार यावरून अडली आहे. तिकडून रोज फोन येतो, इकडून मी रोज नाही म्हणते... आणि खरं सांगू, एखादं लग्न अडायला यापेक्षा चांगलं कारण मी अजून पाहिलेलं नाही.