चेरमनच्या नातीची फॅट

लॅबमधलं रक्त दोन-चार दिवसांत टाकून द्यावं लागतं. किस्से मात्र कुणी टाकत नाही, ते साचतच जातात राव! नव्वदच्या दशकातली आमची मंचरची लॅब म्हणजे दोन खोल्या, रक्त घुसळायचं एक मशीन, डॉक्टर मॅडम आणि आम्ही तिघं टेक्निशियन. पण माझ्या आयुष्यात अभिमानानं सांगावं असं जे काही आहे, ते बहुतेक त्या दोन खोल्यांतलं आहे.

*

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तात फिरणारी चरबी. ती मोजायची तर माणूस उपाशी लागतो. कळंबच्या एका पावण्यांना सांगितलं, "उद्या सकाळी उपाशी या." आले. रिपोर्ट बघतो तर आकडा आभाळाला!

मॅडमनी विचारलं, "काही खाल्लं होतं का?"

"छ्या! कडक उपास हाय मॅडम, चतुर्थी! फकस्त साबुदाण्याची खिचडी, अन् वर वाटीभर तूप."

त्या दिवसापासून मॅडमनी लॅबमध्ये 'उपाशी' या शब्दावर बंदी घातली.

*

मग आली पिंकी. दीड वर्षाची, पोट दुखून दुखून सुकलेली. आजोबा जवळच्याच एका गावातल्या दूध डेअरीचे चेअरमन. सगळं गाव त्यांना 'चेरमन' म्हणायचं.

पोरीचं रक्त मशीनमध्ये फिरवलं. एरवी वर पिवळसर पाणी सुटतं. इथं चक्क दूध! मला वाटलं, नळी नीट धुतली नाही. दुसऱ्या नळीत फिरवलं, तरी दूधच. पुण्याला नमुना पाठवला, तिथूनही तेच आलं.

मॅडम म्हणाल्या, "चेअरमन, नातीच्या रक्तात फॅट फार आहे."

आजोबांनी टोपी सारखी केली, छाती पुढे आली. "किती लागली?"

"अहो, म्हणजे..."

"आमच्या म्हशींची फॅट कायम सातच्या वर लागती! नात कुणाची हाय!"

बाहेर बाकावर बसलेले पेशंटसुद्धा कौतुकानं माना डोलवायला लागले. आमच्या भागात दुधाची फॅट जास्त म्हणजे भाव जास्त, त्यात त्यांची काय चूक?

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डेअरीत फॅट जास्त लागली की भाव मिळतो. हिच्या रक्तात जास्त लागली की स्वादुपिंड सुजतं. अशीच वाढत राहिली तर पोरगी हातची जाईल."

आजोबांनी टोपी काढून हातात घेतली.

*

पुढच्या खेपेला सगळं घर आलं. मॅडमनी समजावलं, हा आजार जन्मजात. चरबी पचली तरी रक्तातून तिचा निचरा होत नाही. आई आणि बाप दोघांकडून वारसा आला तरच तो होतो, पण दोष कुणाचाच नाही. आता पिंकीची आई म्हणजे पिंकीच्या बापाच्या मामाचीच मुलगी.

आजोबांनी बोटांवर हिशेब केला आणि खुलले. "म्हंजे दोनी अंगानं माज्या बायकूच्या म्हायेरचंच! आमचं घराणं मोकळं!"

आजी म्हणाली, "अन् जिच्या जिवावर चेरमन झालात, ती म्हस आंदण कुणाच्या म्हायेरची आली व्हती?"

त्यानंतर घराण्याचा विषय निघाला नाही.

*

तूप, लोणी, साय, शेंगदाणे, सगळं बंद. घरात एवढं दुभतं, आणि पोरीला द्यायचं सायीचा कणही नसलेलं दूध. आजोबांनी साय काढायचं हातमशीन आणलं. रोज पहाटे स्वतः फिरवायचे.

पिंकी चार वर्षांची झाली तोवर तिला लॅबची सवय झाली होती. रक्त दिलं की ऐटीत म्हणायची, "माजं दूध दाव!" एकदा नळी दाखवली तर वर नुसतं पिवळसर पाणी. बघून तिनं भोकाड पसरलं, "माजं दूध कुटं गेलं?"

पोरगी रडतेय आणि आम्ही टाळ्या वाजवतोय! मॅडमनी तर त्या दिवशी लॅबला अर्धी सुट्टी दिली.

*

आता शेवटचा किस्सा. आजोबा पिंकीचं दूध रोज डेअरीतल्या फॅट मोजायच्या मशीनवर तपासायचे. शून्याच्या आसपास लागलं तरच तिला द्यायचे. आजाराचं मात्र गावात कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या पोरीला कोण करून घेईल, ही धास्ती.

डेअरीच्या वार्षिक सभेत विरोधी पार्टीचा तात्या उभा राहिला. "चेरमनच्या घरची बाटली रोज शून्य लागती! दुधात पाणी कोण घालतंय, ते आदी सांगा!"

आजोबा उभे राहिले. म्हणाले एवढंच, "राजीनामा लिवून देतो."

तेवढ्यात मागून पिंकीची आई उठली. सासऱ्यासमोर कधी मान वर न केलेली बाई.

"पानी न्हाई घातलं कुणी. माज्या पोरीला आजार हाय, तिला साय इख हाय. मामंजी रोज पहाटं हातानं साय काढत्यात. घ्या, आता कळलं सगळ्यांना."

सभा तशीच उठली. हे मला चेरमननी नाही, गावानं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिंकीचं रक्त घ्यायला तिच्या गावी गेलो. वाटेत डेअरीत रांग लागलेली, आणि सगळ्यांच्या पुढे तात्या. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. त्यानं मशीनवर छोटी बाटली ठेवली.

"बघ रं, शून्य लागती का. पिंकीसाठी हाय, म्या साय काढलीया."