वाटणाऱ्याचे तळहात

आमच्या घरच्या पत्त्यांना ऊदाचा वास येत असे. डबा उघडला की आधी वास बाहेर यायचा आणि मग पत्ते. पत्ते वाटणाऱ्याच्या बोटांतून तो त्यांच्यात उतरला होता. कुवेत शहरात, मिरकाबच्या एका जुन्या इमारतीखाली अत्तराचे दुकान होते. तिथे हा वाटणारा आठवडाभर गिऱ्हाइकांच्या मनगटांवर काचेची कांडी टेकवत असे आणि शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली की बसने आमच्याकडे मंगफला येत असे. माणूस रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा, बारीक चणीचा, पन्नाशीकडे झुकलेला. आम्ही सगळे त्याला भाई म्हणत असू.

दुपारचे जेवण झाले की टेबलावरची ताटे उचलून तिथेच रमीचा डाव मांडायचा, हा आमचा शिरस्ता. खेळणारे तिघे: मी, माझा नवरा आणि बनेद अल-गारहून येणाऱ्या एक डॉक्टरीणबाई. पैशाच्या जागी चिंचोके. डॉक्टरीणबाईंनी कोकणातून आणलेले ते काळेभोर, गुळगुळीत चिंचोके हाताच्या उबेने पुढे पुढे चकाकू लागले होते. भाई स्वतः कधी खेळत नसे. तो फक्त वाटत असे. अत्तराच्या दुकानात येण्यापूर्वी बरीच वर्षे तो एका प्रवासी जहाजावरच्या कसिनोत पत्ते वाटण्याच्या नोकरीवर होता. पत्ते पिसताना त्याच्या हातांतून पावसाळी वाऱ्यात माड सळसळावा तसा आवाज निघे, आणि पाने आमच्यापुढे येऊन थांबत ती जणू त्यांना आपापली जागा आधीच ठाऊक असल्यासारखी.

वाटून झाले की तो दोन्ही हात एकमेकांवर हलकेच झटकी आणि तळवे उघडे करून छताकडे दाखवी. जहाजावर टेबलाच्या वर कॅमेरे असत. वाटणाऱ्याने हातात काही लपवलेले नाही, हे प्रत्येक डावानंतर वर दाखवावे लागे. जहाज सुटले, पण ती सवय सुटली नव्हती.

“भाई, वर कोण बसलंय ते एकदा सांगा तरी,” डॉक्टरीणबाई म्हणत. “त्याला माझा जोकर मागते.”

“वरती बसलाय तो जोकर देत नाय, बाई. हिशेब मागतो.”

आम्ही हसत असू. पण त्या तळव्यांकडे पाहून माझी नजर कितीदा तरी आपोआप वर जाई. तिथे एसीच्या ओलीने पडलेला तपकिरी डाग आणि एक दिवा, एवढेच असे.

जहाजावरची दुसरी रीतही त्याने आमच्याकडे आणली होती. जिंकणाऱ्याने आपल्या ढिगातला एक चिंचोका त्याच्यापुढे सरकवायचा. मग भाईने तो उचलून टेबलाच्या कडेवर दोनदा टकटक वाजवायचा आणि आपल्या वाटीत टाकायचा. जहाजावर टीप अशीच घेत. वाजवून घेतली, म्हणजे चोरून घेतली नाही. शेवटचा डाव झाला की वाटीतले चिंचोके तो परत बरणीत ओतत असे.

डॉक्टरीणबाईंना हे बघवत नसे. “ज्याच्या हातावर आपली दुपार सजते, त्याला चिंचोके देऊन बोळवायचं? हे बरं दिसत नाही,” त्या म्हणायच्या. “आपण कीर्तनकारालाही रिकाम्या हातानं पाठवत नाही.”

“पण हा कीर्तन करत नाही, पत्ते वाटतो,” माझा नवरा म्हणे.

“तुम्ही सिक्वेन्स लावा, इंजिनिअर. तासभर झाला, पूल बांधताय की काय?”

एकदा मीही भाईला विचारले, पत्ते वाटणाऱ्याला टीप द्यावी की नाही? त्याने पत्ते पिसता पिसताच उत्तर दिले.

“वहिनी, जिंकणारा देतो तो खुशीनं देतो. पण जहाजावर जास्त देतात ते हरणारे. वाटणारा खूश झाला तर पुढचं पान बरं येईल, असं त्यांना वाटतं. नशिबाला लाच. ती घ्यायला मला नको वाटायचं. म्हणून जहाज सोडलं तेव्हा तौबा केली. पत्त्यांवरचा पैसा नको.” मग गठ्ठा टेबलावर ठेवून तो हलक्या आवाजात म्हणाला, “आणि या मुलखात पैशाचा डाव म्हणजे गुन्हा. धाड पडली तर खेळणारे म्हणतात, आम्ही पाहुणे. पत्ते ज्याच्या हातात, तो कोणाचा पाहुणा?”

त्या उन्हाळ्यात अत्तराचे दुकान बंद व्हायला निघाले. मालक म्हातारा झाला होता आणि मुलांना त्यात रस नव्हता. दुकान गेले की भाईचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्याच्याबरोबरच संपणार होता. दुसऱ्या कोणी आपल्या नावावर घेतला नाही तर त्याला परत जावे लागणार होते, आणि गावी मुलीचे नर्सिंगचे शिक्षण अर्ध्यावर होते. तो हे एकदाच बोलला. बोलताना त्याची बोटे पत्त्यांच्या कडा पुन्हा पुन्हा सारख्या करीत होती.

माझ्या नवऱ्याच्या ओळखीत एका वाहतूक कंपनीचे मराठी साहेब होते. त्यांच्याकडे माणसे लागतात असे ऐकून त्याने त्यांना एका शुक्रवारी जेवायला बोलावले. बोलावण्यामागे चांगुलपणाच होता.

त्या दिवशी बाहेर धूळ उठली होती. खिडकीबाहेरचा प्रकाश हळदीच्या पाण्यासारखा झाला होता. तेलाच्या कारखान्यांकडून येणारा जळका वास बंद फटींतूनही आत शिरत होता आणि दातांखाली बारीक रेती करकरत होती. साहेब पांढऱ्या शर्टात आले, तरी त्यांच्यावर धुळीचा कणही नव्हता. ते हळू बोलत, कमी जेवत. जेवणानंतर रमीला बसले तेव्हा त्यांनी आपली पाने नीट लावलीसुद्धा नाहीत. ते भाईच्या हातांकडे पाहत होते.

“हात छान आहे,” ते म्हणाले.

पहिलाच डाव त्यांनी जिंकला. आम्ही त्यांना चिंचोक्याची रीत सांगितली. ते हसले, खिशातून दिनाराची एक नोट काढली आणि दोन बोटांनी भाईपुढे सरकवली.

“असू द्या, साहेब. आपल्याकडे चिंचोका चालतो,” भाई म्हणाला.

“चिंचोका मुलांना. कसबाला तो देऊ नये.”

भाईने नोटेला हात लावला नाही. एसीच्या वाऱ्याने तिचा एक कोपरा उचलला जात होता आणि पुन्हा खाली टेकत होता. डॉक्टरीणबाई मायेने म्हणाल्या, “घ्या हो भाई, आनंदानं देताहेत.” माझ्या नवऱ्याने भाईकडे पाहिले. त्या पाहण्यात इकामा होता. साहेब मात्र कोणाकडेच पाहत नव्हते. त्यांना घाई नव्हती.

भाईने नोट उचलली. नोट वाजत नाही. म्हणून त्याने ती डाव्या हातात धरून उजव्या हाताच्या पेराने टेबलाच्या कडेवर दोनदा टकटक केले, ती वाटीत ठेवली आणि तळवे छताला दाखवले. त्या संध्याकाळी चिंचोके बरणीत ओतले गेले. नोट वाटीत एकटीच उरली, आणि साहेबांनी स्वतःच्या हाताने ती भाईच्या खिशात घातली.

महिनाभरात साहेबांच्या नावावर इकामा झाला. डॉक्टरीणबाईंनी पेढे आणले. भाईने एक पेढा कागदात बांधून ठेवला आणि म्हणाला, “कामाला गेलो की खाईन.” पण काम कोणते, हे त्याला अजून कोणी सांगितले नव्हते. कंपनीच्या गोदामात त्याचे नाव होते, जागा नव्हती. थोड्या दिवसांनी कळले की साहेबांचे काही स्नेही दक्षिणेकडच्या एका शेतावर जमतात. खजुरीच्या रांगांमागे, टोमॅटोच्या प्लास्टिकच्या मांडवांपलीकडे एक खोली आहे. तिथे वाटायला चांगला हात लागतो, आणि तिथे चिंचोके नसतात.

“नाही म्हणा,” मी म्हटले.

“कोणाला म्हणू, वहिनी? ज्याच्या नावावर माझा कागद, त्याला?” तो हसला, पण ते हसणे चेहऱ्यावर पोहोचेपर्यंत विझले होते. “पहिल्या दिवशीच नोट वाजवून घेतली ना मी. त्याला तेवढंच बघायचं होतं. घेतो की नाय.”

त्यानंतर तो आमच्याकडे क्वचित येऊ लागला. आला की त्याच्या अंगाला सिगारेटचा आणि थंड झालेल्या डिझेलचा वास असे. ऊद बोटांवरून पुसला गेला होता. पत्त्यांतून मात्र त्याचा वास अजून येई, आणि तो वास आला की मला उगाच भरून येई.

त्याचा शेवटचा शुक्रवार मला लख्ख आठवतो. ऊन इतके पांढरे होते की समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे पाहवत नव्हते. भाईने पत्ते पिसले, काटायला पुढे केले, वाटले. आवाज तोच, नेमकेपणा तोच. डॉक्टरीणबाईंनी डाव जिंकला आणि चिंचोका सरकवला. भाईने तो उचलला आणि न वाजवता वाटीत टाकला. आम्ही थांबलो. हात झटकण्याची, तळवे उघडण्याची वाट पाहत राहिलो. त्याचे हात टेबलावर पालथेच राहिले.

“अहो भाई, वरच्याला विसरलात?” डॉक्टरीणबाईंनी थट्टेने विचारले.

“शेतावर तळवे दाखवायचे नाय, असं सांगितलंय,” तो म्हणाला. “लोकांना आवडत नाय. कोणी बघतंय असं वाटतं त्यांना.” आणि पालथ्या हातांकडे पाहत म्हणाला, “मोडली सवय.”

त्याने पुढचा डाव वाटला, तेवढ्यात त्याला शेतावर न्यायला आलेल्या गाडीचा भोंगा खाली वाजला. तो उठला. नवी पाने आमच्यापुढे पालथी पडून होती. जिन्यातली त्याची पावले ऐकू येईनाशी झाली तरी आम्ही कोणी आपली पाने उचलली नाहीत.

मग काही शुक्रवार तो आला नाही. फोन वाजत राहायचा. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, “काम असेल.” नवरा पुन्हा नंबर लावी. आणि एका दुपारी दार वाजले. मी धावत जाऊन उघडले, तर दारात साहेब उभे. पांढरा शर्ट, हातात खजुराचा डबा.

“बोलावलं नव्हतं तरी आलो,” ते म्हणाले. “डाव असेल ना?”

आम्हाला वाटले, भाई मागून येत असेल; नवऱ्याने तसे विचारलेही. “येईल तर येईल,” साहेब म्हणाले. “सुरू करू.” वाटायला कोणी नव्हते म्हणून पत्ते माझ्याकडे आले. माझे हात अडखळत होते. एक पान उलटे पडले, ते मी पुन्हा आत घातले. डाव साहेबांनी जिंकला. त्यांनी नोट काढली आणि दोन बोटांनी माझ्यापुढे सरकवली.

“वाटणाऱ्याचा मान.”

“तो मान भाईंचा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यांना येऊ दे.”

“ते आता येणार नाहीत,” साहेबांनी पाने गोळा करीत, हवामान सांगावे तसे सांगितले. “शेतावर पोलीस आले होते. मी त्या दिवशी नव्हतो. बाकीच्यांना सोडलं. पाहुणे होते.”

“आणि भाई?” माझ्या नवऱ्याने विचारले.

“पत्ते त्यांच्या हातात होते. परत पाठवतील, आणि पुन्हा येता येणार नाही.”

“तुमच्या नावावर आहेत ते! तुम्ही जा, बोला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“माझ्या नावावर आहेत, म्हणूनच मी जात नाही. तिकीट मात्र मी काढीन. एवढं करायला हवं.” मग ते माझ्याकडे वळले. नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. “सरावानं बसेल. तुमचाही हात छान आहे, वहिनी.”

एसीच्या वाऱ्याने नोटेचा कोपरा उचलला गेला आणि टेकला. खिडकीबाहेर पुन्हा धूळ उठू लागली होती. पत्त्यांतून ऊदाचा वास येत होता, इतका स्पष्ट, की भाई आत्ताच उठून पाणी प्यायला गेला असावा असे वाटावे. नोट मी उचलली नाही, परतही सरकवली नाही, कारण तिला बोटही लावण्याची माझी हिंमत होत नव्हती. मी दोन्ही हात एकमेकांवर हलकेच झटकले आणि तळवे उघडून वर धरले, त्या तपकिरी डागाकडे. साहेबही माझ्या तळव्यांमागोमाग वर पाहू लागले. त्या घरात ते प्रथमच अस्वस्थ दिसले.